गाडा कोणत्या पानावर बंद झाला

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय अप्पारावजी, प्रमुख पाहुणे साहेबरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, माझे वकील बंधू-भगिनी आणि खुर्च्या संपल्या तरी उभे राहिलेले बदनापूरकर,

चौतीस वर्षांच्या वकिलीनंतर आपण मला निरोप देत आहात. शाल दिलीत, नारळ दिलात, फार गोड बोललात. आधीचे वक्ते म्हणाले, प्रभावतीबाई कधी वैतागल्या नाहीत. अध्यक्ष महाराज, हे साफ चूक आहे. मी चौतीस वर्षं वैतागलेलीच आहे. आज जाता जाता तरी खरं बोलू द्या.

वैताग एकाच गोष्टीचा. माणसं आधी सही करतात, मग वकिलाकडे येतात. सोयरीक जुळवताना आपण मुलाच्या मामाच्या मामापर्यंत चौकशी करतो ना? मग पाच वर्षांच्या करारनाम्याला दहा मिनिटं का?

स्टेशनसमोर फोडणीच्या मुरमुऱ्यांचा, म्हणजे आपल्या सुशीलेचा, आणि भज्यांचा गाडा लावायच्या, त्या जयवंताबाई आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचा मुलगा सुग्रीव तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. एका नाश्ता-कंपनीची फ्रँचायझी घेत होता. म्हणजे दुकान याचं, नाव आणि नियम कंपनीचे. मी म्हटलं, कागद दोन दिवस ठेवून जा, वाचते. तर म्हणाला, "मॅडम, जल्दी हाय. सगळ्यांचा बराबर असाच कागद असतो म्हणून राह्यले ते." स्टँप पेपर कुठे मिळेल एवढं विचारून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

दुकान उघडलं. महिन्याभरात कंपनीचा तपासनीस आला आणि त्यानं आईच्या गाड्याचा फोटो काढला. सुग्रीवनं आईला गाडा बंद करायला सांगितलं. एकोणीस वर्षांचा गाडा. त्याच्यावरच हा शिकला होता.

जयवंताबाई माझ्याकडे एकट्याच आल्या. करारनामा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "वकीलबाई, मला इंग्रजी न्हाई येत. माझा गाडा कोणत्या पानावर बंद झाला, तेवढं बोट ठेवून दाखवा."

मी एकतिसाव्या पानावर बोट ठेवलं. आपल्या कुटुंबातलं कोणीही या तालुक्यात खाण्याचे पदार्थ विकणार नाही, असं सुग्रीवनं लिहून दिलं होतं. मी समजावलं की तुमची सही नाही, तुम्ही मोकळ्या आहात; पण तुम्ही गाडा लावलात तर करार सुग्रीवनं मोडला असं होईल आणि दुकान त्याचं जाईल. त्यांनी करारनामा मिटून पिशवीत घातला.

"मंग न्हाई लावत."

कायद्यानं मोकळी असलेली बाई घरात बसून राहिलेली बघायची, आणि मी वैतागायचंही नाही?

सुग्रीवला बोलावून तोंडाला येईल ते बोलले. सहीच्या आधी एक ओळ घालून घेतली असती, 'आईचा चालू गाडा सोडून', तर भागलं असतं. सहीनंतर मी कंपनीला दोन पत्रं लिहिली. उत्तर दोन्ही वेळा तेच, करारात बसत नाही. पहिलं वर्ष बाहेर पडायचीही सोय नव्हती. वर्ष सरलं त्याच आठवड्यात सुग्रीवनं दुकान सोडत असल्याची नोटीस दिली. मी सांगितलं नव्हतं, आईनंही नाही.

जयवंताबाई परत स्टेशनसमोर गेल्या, तेव्हा त्यांच्या जागेवर दुसऱ्याचा गाडा होता. आता त्या तहसीलच्या रस्त्याला बसतात. सुशीला तीच, गिऱ्हाईक निम्मं.

गेल्या महिन्यात सुग्रीव पुन्हा आला. शाळेच्या गणवेशाच्या फ्रँचायझीचा कागद होता, पण बिनसहीचा. सोबत आई. मी कागदाला हात लावला, तर जयवंताबाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, तो वाचून अर्थ सांगेल, मी ऐकते, चुकला तर तुम्ही बोला. दोन तास वाचन चाललं. नवव्या पानावर 'घरचे कोणी हा धंदा करणार नाहीत' असं आलं, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला.

"'घरचे' म्हंजे कोण, त्यांची नावं लिहून घे. मंग पुढं वाच."

चौतीस वर्षांत मला हे इतकं नीट सांगता आलं नव्हतं. त्याच दिवशी ठरवलं, आता थांबायला हरकत नाही.

माझं काम यापुढे अ‍ॅडव्होकेट प्रीती बघतील. सही करायच्या आधी त्यांच्याकडे जा. व्यापारी मंडळानं केलेल्या या मानाबद्दल मी ऋणी आहे. रागाच्या भरात कोणाला लागेल असं बोलले असेन, तर पोटात घाला. आणि सुग्रीव, तू तिकडे दारापाशी उभा आहेस. चारचौघांत तुझं नाव घेतलं; आईला विचारलं होतं, तुला विचारायचं राहिलं. ही चूक वकिलाला शोभणारी नाही. तेवढी माफ कर.