तळ्याच्या चार ओळी

सिद्रामप्पा : एक का दोन, हवालदार? चैत्राच्या उन्हात स्वेटर मागणारं तुमच्याशिवाय कुणी आलं न्हाई आजवर. हिवाळ्यातले दोनच उरलेत, तांबडा अन् हिरवा.

पंढरी : तांबडा काढा. दुसऱ्याचं अजून ठरलं न्हाई.

सिद्रामप्पा : न्हाई कसं? चांगुणाबाई दारातच उभ्या हायत. या की आत. बायकोला घरी ठिवून कुठं निघालात?

पंढरी : काश्मीरला. पहाडात तळं हाय, आमची पलटण त्याच्या काठाला होती. फौजेतून सुटून कलेक्टर कचेरीत शिपाई झाल्यापासून पहिल्यांदा प्रवासाची सरकारी सवलत मिळाली, नवराबायको दोघांची. शनिवार-रविवार तळ्यावर, बाकी आठ दिवस यष्टीत अन् आगगाडीत.

सिद्रामप्पा : दोन दिवसांसाठी आठ दिवस?

पंढरी : बघितलं न्हाई म्हणून इचारता. चहूकडं बर्फ, मधी पाणी. सकाळच्या पारी पाण्यात डोंगर उलटा दिसायचा. गस्तीवरून आलो की बूट काढायचो अन् काठाला बसायचो. गावाची याद यायची.

चांगुणा : पाणी बघून आमच्या गावाची याद. दुसरं कुणी हसलं असतं.

पंढरी : बघा अप्पा, आठ दिवस झाले, हिला सगळं सांगून राहिलो. कुठं उतरायचं, काय घ्यायचं. हो म्हणत न्हाई, नको म्हणत न्हाई. काल साहेबानं कागद पुढं केला, बायकोचं नाव लिहायचं का म्हणाला. मी पेन धरून उभा.

सिद्रामप्पा : का वो चांगुणाबाई?

चांगुणा : रांजण कोण भरणार? टँकर शनिवारीच येतो.

सिद्रामप्पा : येवढंच ना? मी भरून ठिवतो.

चांगुणा : तुमच्या हातचं पाणी लई घेतलं, अप्पा.

पंढरी : टँकर निमित्त हाय. हिला तवाही यायचं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात मी पत्र घातलं, क्वार्टर मिळतंय, ये म्हणून. उत्तर काय आलं? पोरगं बरं हाय, शेळी व्याली, पाऊस न्हाई. तळ्याचं नाव न्हाई. मी समजून गेलो. पुन्हा विषय काढला न्हाई.

सिद्रामप्पा : ते पत्र.

पंढरी : तुम्हीच वाचलं असंल की. गावातल्या समद्या बाया तुमच्याच दुकानात पत्रं घेऊन यायच्या. उत्तरही तुमच्याच हातचं होतं.

सिद्रामप्पा : हाव. मीच. उन्हाचं आलात, पाणी घ्या आधी.

चांगुणा : पाणी राहू द्या. हे वाचा.

(चांगुणा पिशवीतून घड्यांवर विरलेलं पत्र काढते.)

पंढरी : हे कुठं होतं?

चांगुणा : पेटीत, तुमच्या समद्या पत्रांसंगं. लातूर जिल्हा झाला अन् गावात बायांचा वर्ग निघाला न्हाई का? ती पंचशीला शिकवायची, माझ्या लेकीच्या वयाची. आधी माझं नाव गिरवलं, मग यष्टीच्या पाट्या वाचल्या. यंदा हिवाळ्यात पेटी उघडली. येकेक पत्र बोट ठिवून वाचलं. ह्या पत्राला तीन दिवस लागले. खालच्या चार ओळी मी कधी ऐकल्याच नव्हत्या, तळं न्हाई अन् बोलावणंही न्हाई.

पंढरी : काय बोलून राहिलीस?

चांगुणा : अप्पांना इचारा.

सिद्रामप्पा : तुम्ही खडी फोडून आला होतात, चांगुणाबाई. ओठ फुटलेले. मागं सात-आठ बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. त्यांच्या म्होरं कसं वाचू, की तिकडं पाणी वाहून चाललंय? जिवावर आलं. गाळलं.

चांगुणा : येवढंच न्हाई, अप्पा.

सिद्रामप्पा : येवढंच.

चांगुणा : मग आता वाचा. आता मागं कुणी उभं न्हाई.

सिद्रामप्पा : चष्मा कुठं ठिवला मी.

चांगुणा : नाकावर हाय.

सिद्रामप्पा : 'इथे मोठे तळे आहे. पाणी इतके की कोणी त्याच्याकडे बघत नाही. मी वाकतो आणि माझ्या हाताने पाणी घेतो. कोणी वर उभे राहून ओतत नाही, कोणी जात विचारत नाही. तुला एकदा तुझ्या हाताने ओंजळ भरताना बघायचे आहे...'

पंढरी : थांबलात का?

सिद्रामप्पा : आमच्या आडाचं तुम्हाला ठाऊकच हाय, हवालदार. कुणी आडाला शिवू नये म्हणून काठावर आमची अव्वा, माझी आई, बसायची. मी घागर ओढायचो अन् वरून ओतायचो, ह्या खाली घागर धरायच्या. त्या दुपारीही ओतलं होतं. हाताला दोराचा वळ तसाच, अन् त्याच हातात हे पत्र. माझ्या तोंडानं कसं वाचू? म्हटलं, चार ओळींनी काय बिघडतंय.

पंढरी : चवदा वर्सं बिघडलं, अप्पा. मी समजलो, हिला माझ्यासंगं राहायचंच न्हाई. सुट्टीला आलो की दोन दिवस आधीच परत जायचो. चल, उठ चांगुणा. नको हे स्वेटर.

चांगुणा : बसा. भांडायला आणलं न्हाई तुम्हाला. त्या साली दुसऱ्या कुणी तेवढंही दिलं न्हाई. अप्पांनी ओतलं म्हणून पोरगं जगलं. वरून ओतलं, ते मी इसरले न्हाई. दोन्ही माझ्याजवळ हाय.

पंढरी : मला हिवाळ्यातच का सांगितलं न्हाईस?

चांगुणा : तुम्ही येकटेच आला असतात, अन् मोठ्यानं बोलून गेला असतात. मला हे पत्र जिथं अर्धं ऐकलं तिथंच पुरं ऐकायचं होतं. पुरं ऐकल्याबिगर उत्तर कसं देऊ?

सिद्रामप्पा : हे घ्या तुमचं पत्र, चांगुणाबाई.

चांगुणा : येक ओळ राहिली, अप्पा. खालची.

सिद्रामप्पा : 'क्वार्टर मिळते आहे. येतेस का, ते कळव.' संपलं.

चांगुणा : तो हिरवा काढा.

पंढरी : हिरव्याच्या बाह्या लांब हायत, तुला पुऱ्या हातावर येतील.

चांगुणा : येऊ द्या. पाणी घेताना वर सारीन.