न दमणारा कंप्यूटर

हसू नका, मला अजून राग येतो. धारवाडला प्रयोगशाळेत होते तेव्हा माझं काम एकच. पेशी आपल्या डीएनएची नक्कल करते, ती किती वेगानं करते ते मोजायचं. एकामागून एक दोन रंग घातले की नवा डीएनए फोटोत रेघेसारखा चमकतो, आधी लाल, पुढे हिरवा. रेघ जितकी लांब तितका वेग जास्त, म्हणून त्या रेघांची लांबी मी पट्टी लावून मोजायचे. दोन वर्षं रोज सरांचा एकच प्रश्न, "नीट मोजलंस ना?"

मग कंप्यूटर आला. तो फोटो बघून आपणच मोजायचा. मी म्हटलं, "सर, एकमेकींवर पडलेल्या दोन रेघा हा एकच धरतोय. कचरासुद्धा मोजतोय."

"कंप्यूटर दमत नाही गं. तू दमतेस."

माझं डोकंच फिरलं. कमरीपेठेत आमच्या अप्पांचं शिलाईच्या सामानाचं दुकान. तिथून लाल आणि हिरवा दोरा आणला, बारीक तुकडे जोडून काळ्या कापडावर मांडले आणि फोटो काढून कंप्यूटरला दिला. त्यानं डीएनएचा वेग काढून दिला, दशांश चिन्हासकट!

कागद सरांपुढे ठेवला. सर खूश. "भेष! कुठल्या पेशी?"

"पेशी नाहीत, सर. दोरा आहे. अप्पांच्या दुकानातला."

सर कागदाकडे बघत राहिले, मग कंप्यूटरकडे. मला वाटलं, आज तरी तो प्रश्न त्याला विचारतील. तर माझ्याकडे वळून म्हणाले, "दोरा नीट मांडला होतास ना?"