पेशंट तुमच्या कोण?

ताई : आणि तुला तेवढंच सुचलं बोलायला? भर कोर्टात?

भाऊ : ताई, तोंडातून निघून गेलं गं.

ताई : "ती लहानपणापासून कितीही दुखलं तरी हूं की चूं करत नाही. ती दुखतंय म्हणाली, म्हणजे दुखतच असणार." कुठल्या एक्सरेत दिसलं रे तुला माझं लहानपण?

वकीलबाई : हळू बोला, भिंतीपलीकडे समोरचे वकीलच बसलेत. आणि न्यायाधीश काही झोपले नव्हते. लगेच विचारलं, पेशंट तुमच्या कोण?

भाऊ : तिथे मी खोटं बोललो नाही.

वकीलबाई : उपकार झाले! माझ्याशी मात्र बोललात. केस घेतानाच विचारलं होतं मी, काही नातं? आडनावं वेगळी, म्हणून मीही खोदलं नाही. आणि तुम्हीही गप्प बसलात, ताई.

ताई : बसले! हाच म्हणाला, बोललीस तर केस बुडेल.

वकीलबाई : आता बुडायला काय राहिलंय? डॉक्टर, तज्ज्ञ साक्षीदार कोर्टाचा असतो, घरचा नसतो. तुमचा अख्खा अहवाल बाद केला त्यांनी.

भाऊ : त्यातलं एक अक्षर तरी खोटं आहे का? प्लास्टर आवळलं होतं, बोटं निळी पडली होती. कापून सैल करायला कितीसा वेळ लागतो? त्या माणसानं गोळी दिली आणि झोपा म्हणाला! गुडघ्याखाली पाय गेला तिचा!

वकीलबाई : असेल खरं. पण ती त्या डॉक्टरची चूक, हे न्यायाधीशांना सांगणार कोण? पुढच्या तारखेला दुसरा हाडांचा डॉक्टर आणा, नाहीतर केस संपली.

भाऊ : आणू कुठून? किती जणांचे उंबरे झिजवले मी! सगळे एकाच माळेचे मणी. डॉक्टरच्या विरुद्ध डॉक्टर उभा राहत नाही. म्हणून तर मी उभा राहिलो.

ताई : वकीलबाई, हा नुसता भाऊ म्हणून नाही का साक्ष देऊ शकत?

वकीलबाई : देऊ शकतात की. पण पाय का गेला ते सांगायचं नाही. डोळ्यांनी बघितलं तेवढंच. दवाखान्यात कधी गेला होतात, डॉक्टर?

भाऊ : हिनं कळवलंच नव्हतं. पाय कापल्यावर समजलं.

वकीलबाई : बरं, नंतर? घरी? हिचे हाल बघितले असतील ना?

ताई : सांग ना! आता का दातखीळ बसली?

भाऊ : नाही गेलो. कुणी बघितलं असतं तर नातं उघडं पडलं असतं.

ताई : सासूबाईंनी न्हाऊ घातलं मला. ज्यांच्याशी भांडणं होती ते शेजारीसुद्धा येऊन गेले. सख्खा भाऊ तेवढा आला नाही! कुणी विचारलं की मी सांगायची, त्याला सुट्टी मिळत नाही हो. लाज वाटायची मला.

भाऊ : तुझ्यासाठीच ना केलं सगळं!

ताई : माझ्यासाठी! ना धड डॉक्टर झालास, ना धड भाऊ.

भाऊ : मी शोधतो दुसरा कुणीतरी. पाया पडेन, पण आणतो.

ताई : आण. आधी बस इथे, खाली. या नकली पायाचे पट्टे सोडते मी.

वकीलबाई : मी जरा बाहेर थांबते.

भाऊ : ताई, इथे कशाला? घरी येईन ना मी.

ताई : फोटो बघूनच लिहिलास ना अहवाल? आता बघ नीट. लिहायचं काही नाहीये.