दीड वीत म्हणायचे त्याला

हॅलो?… हो, दमियातच. इन्साफच बोलतेय. आपण कोण?

…काय? सुब्ही?

…नाही, ठेवत नाहीये फोन. पण मला अब्ला म्हणू नका. मला अब्ला म्हणणारा माझा धाकटा भाऊ सतरा वर्षांपूर्वी लिबियाला गेला. त्यानंतर चिठ्ठी नाही, निरोप नाही.

…अहो, ऐका तरी. गेल्या वर्षीही एकाने असाच फोन केला. म्हणे मी सुब्ही, सल्लूमच्या सीमेवरच्या नाक्यावर न्यायला या. आईला घेऊन दोन दिवस धुळीत बसले मी. कोणी आलं नाही.

…बरं. मग सांगा, गल्लीत काय म्हणायचे तुम्हाला?

…शिबर-ओ-नुस. दीड वीत. हं. ते तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. सुतारखान्यात तीच हाक, पाववाल्याची तीच, मास्तर हजेरीसुद्धा त्याच नावाने घ्यायचे. साखरपुड्याच्या वेळी लोक विचारत होते, हा सुब्ही कोण म्हणून. पुढे बोला.

…हो, नाहिदशी. …हो, स्टूल. फोटोच्या वेळी स्वयंपाकघरातलं स्टूल मीच आणलं. म्हटलं, दीड वीत, यावर चढ, म्हणजे नवरीला दिसशील. सगळे हसले. तोही हसला. पण ते दोनशे माणसांनी बघितलंय. त्यातल्या कोणीही तुम्हाला सांगितलं असेल.

…जिना? कुठला जिना?

…थांबा. हळू बोला.

…दुसऱ्या दिवशी सकाळी, हो. हातात पिशवी होती. …नाही, जिन्यात आम्ही दोघंच होतो. …मी काय म्हणाले ते तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार.

…

…हो. 'जा, तू घरात नाहीस हे कळायलाच आम्हाला आठवडा लागेल.' असंच म्हणाले. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. आईलाही नाही.

…सुब्ही.

…आठवडा नाही लागला रे. त्याच दुपारी कळलं. तुझ्या वाटची भाकरी तशीच राहिली, आणि आईने ती कोणाला उचलू दिली नाही.

…नाही, रडत नाहीये. तू बोल. कुठे आहेस? …मिसराता. …मुलगी? किती वर्षांची? …तिला ते नाव माहीतच नाही? बरं केलंस.

…गल्लीचं मी कसं सांगू? गल्ली विसरलेली नाही. परवाच न्हावी विचारत होता, दीड वीत कुठे असतो म्हणून. सगळ्यांची तोंडं धरायला मी पुरी पडणार नाही. माझ्या तोंडून येणार नाही, एवढं सांगते.

…आहे ना. इथेच बसलीय, मुलुखियाची पानं खुडत. मघापासून हात थांबलेत तिचे.

आई, घे. …हो, विचारलं मी. सगळं विचारलं. विचारायला नको होतं तेसुद्धा.