चौसष्टातले एकोणसाठ

कॉम्प्युटरच्या दुकानात माझ्या पुढच्या काकूंनी लॅपटॉप आणि कालच नेलेला पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला.

“यावर चौसष्ट जीबी लिहिलंय आणि आत एकोणसाठच दिसतात. पाच कुठे गेले?”

“कुठेच नाही, काकू. कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या. जागा तेवढीच असते.”

“वा. विकताना एक माप आणि भरताना दुसरं. माझे बासष्ट भरतात, त्यांचं काय करू?”

“मोठा घ्या, पण ते सोमवारी येतील.”

“लेक आज दुपारी निघतेय, लांब नोकरी लागलीय. लहानपणापासूनचं सगळं तिच्यासोबत द्यायचंय.”

“मग तीन जीबी तरी कमी करावे लागतील. दाखवा. शाळा, सहली, बाबांचे वाढदिवस... हा एकच व्हिडिओ साडेतीनचा आहे. ‘लग्न’.”

“तो काढा.”

“कोणाचं लग्न आहे?”

“तिचंच.”

“अहो, मग तो कसा काढायचा? रागावेल ती.”

“नाही रागावणार. मीच वेडेपणानं घातला होता. आता बसेल ना सगळं?”