पलीकडचे डोळे

नजर अंधुक होत चाललेल्या शिंपीणमावशी डोळ्यांत थेंब घालून दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी प्रयोगशाळेतले दोघे बोलत होते.

"कंपनीनं संशोधनाच्या पैशांत हात आखडता घेतला, तर आपलं आणि तिकडचं, दोन्ही सरकारंही आपापला वाटा देणार नाहीत."

"मग आपला डोळ्याचा पडदा?"

"वाढतोय की बशीत. नखाएवढा, धुक्यासारखा. आपण दिवे मालवले की तिकडच्या देशात उजाडतं. मग तिकडच्या प्रयोगशाळेतल्या बाई कॅमेऱ्यातून त्याच्यावर लक्ष ठेवतात."

"आणि पैसे थांबले की?"

"विचारलं मी. म्हणाल्या, तान्हं लेकरू एकटं टाकून कुणी जातं का?"

"भेटलायस त्यांना?"

"नाही रे. नुसता आवाज ओळखतो."

"कंपनी आज कळवणार ना?"

"हा बघ, कंपनीचाच फोन."

"मावशी, उघडा डोळे," नर्स म्हणाली.

"थांब गं बाई. यांचं बोलणं होऊ दे."