देसाई सरांच्या गवताचा आखाडा

आमच्या कॉलेजच्या माळाचं कौतुक मला सांगू नका. मी तिथंच मास्तर हाय.

प्राचार्यांनी भाषणात जाहीर केलं, "माळ सगळ्यांचा! सकाळी फिरा, दिवसा संशोधन करा, आणि निसर्ग कायम जपा." टाळ्या पडल्या. वनस्पतीशास्त्राच्या देसाई सरांनी लगेच आपल्या दुर्मिळ गवताभोवती खुंट्या ठोकल्या, सुतळीनं झकास चौकोन आखला आणि सुट्टीला गडहिंग्लजला निघून गेले.

खेळाच्या पाटील सरांनी तो चौकोन बघितला. त्यांना वाटलं, कॉलेजनं शेवटी कुस्तीचं मनावर घेतलं! पैलवान पोरं लावून त्यांनी गवत उपटलं, खडे वेचले, ट्रॉलीभर तांबडी माती ओतली आणि वर ताक, हळद, लिंबू, तेल घालून मळली.

देसाई सर परत आले ते ओरडतच. "माझं गवत कुठाय?"

"काढलं की! आता पडलं तरी कुणाला टोचणार न्हाय."

देसाई सर तणतणत प्राचार्यांकडं गेले, तर तिथं तपासणी समिती बसलेली. समितीनं विचारलं, "निसर्ग जपलाय कुठं?" प्राचार्यांनी सरळ आखाडा दाखवला. "हे आमचं मृदासंवर्धन. रसायन अजिबात नाही, नुसतं ताक आणि हळद." पावण्यांनी माती हुंगली, माना डोलावल्या आणि शाबासकी देऊन गेले.

आता तिथं पाटी लागलीया, ‘संरक्षित क्षेत्र’. परवा देसाई सर गयावया करत होते, "कडेला दोन काड्या उगवल्यात, तेवढ्या बघून येतो."

पाटील सर म्हणाले, "या की खुशाल. फक्त लंगोट घालून या."